गरोदरपणातली कंबर, बाळंतिणीचा शेक आणि बाळाची मालिश: काय करावं, काय सोडावं

सातव्या महिन्यात कंबर धरली की आपल्याकडं सल्ल्यांना तोटा नसतो. कुणी म्हणतं उसण भरलीय, गावातल्या पायाळू माणसाची लाथ घे. कुणी शेजारच्या गावचा हाडवैद्य सुचवतं. आता पोरींच्या हातात मोबाइल आहे, त्यामुळं आणखी एक वाट उघडलीय: कायरोप्रॅक्टिक. टेबलावर आडवं करून मणक्याला झटका देतात, कडकन आवाज येतो आणि समोरची बाई हसत उठून बसते. हे बघून आलेल्या लेकी-सुना मला विचारतात, ‘मॅडम, आम्हाला चालंल का?’

मी फिजिओथेरपिस्ट आहे, तेव्हा माझं माप थोडं माझ्याच बाजूला झुकणार हे धरून वाचा. मत आधीच सांगते. दिवस राहिल्यापासूनच्या या दीड वर्षात बाईला आणि बाळाला हात हवा, झटका कुणाचाच नको. पायाळूचा नको, टेबलावरचा नको आणि न्हाऊ घालणाऱ्या मावशीचाही नको.

दुखतंय कुठं, ते आधी बघा

गरोदरपणात शरीरात रिलॅक्सिन नावाचं संप्रेरक वाढतं. कटीच्या सांध्यांना धरून ठेवणारे बंध त्यानं सैल होतात. बाळाला वाट मिळावी म्हणून निसर्गानं केलेली ही सोय आहे. त्यात पोट पुढं येतं, तोल सावरायला बाई कंबर मागं झुकवते आणि पाठीचे स्नायू दिवसभर ताणलेले राहतात. म्हणजे बहुतेकींच्या बाबतीत मणका ‘सरकलेला’ नसतो. सांधे ढिले झालेले असतात आणि स्नायू थकलेले असतात. ढिल्या सांध्याला झटका देऊन काय साधणार, हा प्रश्न इथंच पडायला हवा.

दुखण्याच्या जागा साधारण दोन. एक कंबरेच्या मध्यावर, जे दिवसभर उभं राहिल्यावर वाढतं आणि आडवं झाल्यावर उतरतं. दुसरी जागा जरा खाली: कुल्ल्यांच्या वर जे दोन खळगे दिसतात तिथं, किंवा समोर ओटीपोटाच्या खाली हाड लागतं तिथं. हे दुखणं कूस बदलताना, जिना चढताना, एका पायावर उभं राहून परकर घालताना कळ देतं. या दुसऱ्या दुखण्यात जास्त चालणं आणि पाय फाकवण्याचे व्यायाम त्रास वाढवतात, म्हणून फरक ओळखणं गरजेचं.

काही दुखणी मात्र कंबरेची नसतातच. ३७ आठवड्यांच्या आधी कंबर थांबून थांबून, लाटेसारखी दुखत असेल तर ती वेळेआधीची कळ असू शकते. कंबरेसोबत ताप, लघवीला जळजळ असेल तर मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग. मांड्यांच्या मध्ये बधिरपणा आला, लघवीवरचा ताबा गेला तर तो नसांचा गंभीर दाब. अंगावरून रक्त किंवा पाणी जाणं, बाळाची हालचाल कमी वाटणं, डोकं ठणकून डोळ्यांपुढं अंधारी येणं, यातलं काहीही झालं तर तेल-मालिश राहू द्या, १०८ किंवा १०२ ला फोन करा आणि दवाखाना गाठा. मेडिकलवरून कंबरेची गोळी मागून घेऊ नका. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन ही औषधं गरोदरपणात, विशेषतः विसाव्या आठवड्यानंतर, बाळाच्या मूत्रपिंडाला आणि हृदयाच्या रक्तवाहिनीला बाधू शकतात. पॅरासिटामॉलसुद्धा डॉक्टरांना विचारूनच.

कुणाकडं जायचं?

कायरोप्रॅक्टिक ही पद्धत १८९५ साली अमेरिकेत डॅनियल डेव्हिड पामर यांनी सुरू केली. तिथं ती शिकवली जाते, परवाने मिळतात. आपल्याकडं तसं नाही. आयुष मंत्रालयाच्या पद्धतींमध्ये ती येत नाही आणि तिच्यासाठी सरकारी नोंदणी परिषद नाही. त्यामुळं पाटी लावलेला माणूस किती शिकलाय हे तपासायची सोय तुमच्याकडं नसते. फिजिओथेरपीची गोष्ट वेगळी: पदवी असते, राज्याच्या परिषदेकडं नोंदणी असते. नोंदणी क्रमांक विचारायला लाजू नका, तो भिंतीवर लावलेलाच असायला हवा.

गरोदर बाईवर परदेशात जे कायरोप्रॅक्टिक करतात ते बरंचसं हलक्या हातानं, पोटाला जागा सोडणाऱ्या टेबलावर असतं. त्यानं काहींना बरं वाटतं, हे मी नाकारत नाही. पण तो आराम व्यायाम, पट्टा आणि साध्या हलक्या मालिशनंही मिळतो. मानेच्या झटक्याला मात्र माझा सपशेल नकार आहे. मेंदूकडं जाणाऱ्या रक्तवाहिनीचा आतला थर फाटून पक्षाघात झाल्याच्या नोंदी आहेत. क्वचित होतं, पण होतं. (सलूनमध्ये दाढी झाल्यावर कडकन मान मोडून घेणाऱ्या नवऱ्यांनीही हे वाचावं.) आणि तो आवाज हाड बसल्याचा नसतो. सांध्यातल्या पाण्यात वायूची पोकळी तयार होते, त्याचा तो असतो.

बाळ पायाळू असेल तर ‘कटीचे सांधे जुळवून’ ते फिरवतो असा दावा कायरोप्रॅक्टिकमधल्या वेबस्टर तंत्राच्या नावानं केला जातो. त्याला भक्कम पुरावा नाही. तिसाव्या आठवड्याला पायाळू दिसणारी बरीच बाळं आपोआप फिरतात आणि दिवस भरेपर्यंत शंभरात तीन-चारच तशी राहतात, त्यामुळं श्रेय कुणालाही घेता येतं. खरंच फिरवायचं असेल तर साधारण ३७ व्या आठवड्याच्या सुमारास स्त्रीरोगतज्ज्ञ पोटावरून हातानं बाळ फिरवतात. ते रुग्णालयातच, सोनोग्राफी आणि बाळाच्या ठोक्यांवर लक्ष ठेवून. साधारण निम्म्या वेळा जमतं. गावातल्या कुणी जाणत्या बाईनं तेल लावून पोट फिरवणं म्हणजे वार सुटण्याला आमंत्रण.

दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाची मोफत तपासणी असते. कंबरेचं दुखणं तिथंच सांगा. छत्रपती संभाजीनगर (घाटी), अंबाजोगाई, लातूर, नांदेड इथल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत फिजिओथेरपीची सोय आहे. आयुर्वेदावर विश्वास असेल तर नांदेड किंवा धाराशिवच्या शासकीय आयुर्वेद महाविद्यालयात दाखवा. बस्ती, काढे हे प्रकार घरच्या घरी करू नका. तुमच्या प्रसूतीच्या डॉक्टरांना मात्र दोन्हीकडचं सगळं माहीत असू द्या.

रोजच्या कामात बदल: खरा इलाज इथं आहे

अंथरुणातून सरळ उठू नका. आधी दोन्ही गुडघे वाकवा, ते एकत्र ठेवून कुशीवर वळा, पाय खाली सोडा आणि हाताच्या जोरावर उठा. एवढ्या एका सवयीनं कितीतरी जणींची निम्मी कळ जाते. झोपताना कूस, शक्यतो डावी. दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये उशी, नसेल तर घडी घातलेली गोधडी. पोटाखाली जुनं लुगडं दुमडून ठेवा. शेवटच्या तीन महिन्यांत पाठीवर झोपू नका. मध्येच जाग आली आणि पाठीवर आढळलात तर घाबरायचं कारण नाही, कूस बदलायची.

पाण्याचा प्रश्न आपल्याकडं मोठा. टँकर आला की घागर उचलावीच लागते. मोठी घागर एका कडेवर घेण्यापेक्षा दोन्ही हातांत अर्धी-अर्धी भरलेली लहान कॅन घ्या. वाकायचं ते कंबरेतून नाही, गुडघ्यातून, आणि वजन अंगाजवळ धरून. सातव्या महिन्यानंतर ते दुसऱ्या कुणीतरी उचलायचं, हे सासूबाईंनी आणि नवऱ्यानं मनावर घ्यावं.

कापूस वेचणीत कंबरेला बांधलेली ओटी भरत जाते तशी कंबर पुढं ओढली जाते. ओटी अर्धी झाली की रिकामी करा, तास-दीड तासाला दहा मिनिटं बांधावर कुशीवर पडा. ऊसतोडीला जाणाऱ्या बीड, जालना, परभणीकडच्या बायकांना हे सांगताना मला अवघडल्यासारखं होतं. कोयत्यामागं, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीमागं, आगाऊ उचल घेतलेली असते आणि मोळी डोक्यावर घेऊन गाडीवर चढवायची असते. तिथं ‘विश्रांती घ्या’ म्हणणं सोपं असतं. निदान एवढं करा: निघण्याआधी आशाताईकडून माता-बाल संरक्षण कार्ड भरून सोबत घ्या, पोहोचल्यावर जवळच्या आरोग्य केंद्रात ते दाखवा, आणि मोळी चढवण्याचं काम टोळीतल्या दुसऱ्याकडं द्या.

भाकरी करताना खाली बसायची सवय असेल तर पाठीला भिंत आणि बुडाखाली उंच पाट घ्या. मांडी घालून कळ येत असेल तर ओट्याशी उभं राहा, एक पाय विटेवर, दर थोड्या वेळानं पाय बदला. माहेरी बाळंतपणाला जायचं तर सातव्या-आठव्या महिन्यातच निघा. एसटीत मागच्या चाकावरची जागा नको. दुचाकी शक्यतो नकोच.

पोटपट्टा हवा तर पोटाखालून, कटीला घट्ट धरेल असा. चालताना-कामात लावायचा, झोपताना काढायचा.

चार व्यायाम, रोज पंधरा मिनिटं

मार्जारासन: हात-गुडघ्यांवर या, श्वास सोडत पाठ वर उचला, घेत सरळ करा. दहा वेळा. पाठ खाली फार ढिली सोडू नका. दुसरा, भिंतीला टेकून उभं राहा, पाय वीतभर पुढं, आणि कंबर भिंतीला दाबत पाच आकडे मोजा. तिसरा, लघवी अडवल्यासारखे खालचे स्नायू वर ओढा, पाच मोजा, सोडा. दिवसातून तीन वेळा दहा-दहा. हा लघवी करताना करायचा नाही. चौथा व्यायाम म्हणजे उन्ह उतरल्यावर रमतगमत चालणं. बोलता येईल इतकाच वेग. वार खाली असेल, गर्भपिशवीच्या तोंडाला टाका घातला असेल, बीपी असेल तर यातलं काहीही आधी विचारल्याशिवाय नको.

बाळंतिणीचा सव्वा महिना

आपल्या रीतीत शहाणपण खूप आहे. सव्वा महिना कामातून सुटका, अंगाला तेल, ऊन पाण्याची आंघोळ, अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, बाळंतशोपा. थकलेल्या बाईला यापेक्षा चांगलं काय देणार? सोडायच्या गोष्टी मोजक्या आहेत, पण त्या खरंच सोडायच्या.

बाजेखालची शेगडी ही पहिली. बंद खोलीत गोवऱ्या-कोळसा पेटवला की कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला वास नसतो, रंग नसतो. आई-बाळ दोघंही गुंगीत जातात. वर परभणी-नांदेडचा मे महिना असेल तर बाळाला उष्म्यानं ताप येतो. शेकायचंच असेल तर गरम पाण्याची पिशवी, फडक्यात गुंडाळून, कंबरेला दहा मिनिटं. ओवा-वावडिंगाची धुरी बाळाच्या खोलीत नको. पाणी तोडू नका. अंगावर पाजणाऱ्या बाईला जास्त पाणी लागतं, त्यानं ‘पोट सुटत’ नाही.

सिझेरियन झालं असेल तर जखम पूर्ण भरेपर्यंत पोटाला हात नको. पाठ, खांदे, पाय हलक्या हातानं चोळायला हरकत नाही. बाळापेक्षा जड काही सहा आठवडे उचलू नका. खोकताना, शिंकताना टाक्यांवर उशी धरा. ‘मणक्यात सुई दिली म्हणून कंबर कायमची गेली’ हा समज घरोघरी आहे. सुईच्या जागी काही दिवस दुखतं, पण वर्षानुवर्षांच्या कंबरदुखीला ती सुई जबाबदार नसते. वाकून पाजणं आणि ढिले पडलेले पोटाचे स्नायू हीच त्याची खरी कारणं.

म्हणून पाजताना भिंतीला टेकून बसा, मांडीवर उशी घ्या आणि बाळ छातीकडं आणा. छाती बाळाकडं नेऊ नका. पहिल्या दिवसापासून पोटात खोल श्वास, पायांचे पंजे हलवणं आणि घरातल्या घरात चालणं सुरू करा. खालचे स्नायू ओढण्याचा व्यायाम दुखत नसेल तर लगेच. पोट लुगड्यानं बांधायचं तर श्वास सहज घेता येईल इतकंच. पिळून बांधलं की दाब खाली जातो आणि अंग बाहेर येण्याचा धोका वाढतो. पोट जागेवर येतं ते व्यायामानं. सहा आठवड्यांनी पाठीवर झोपून, डोकं जरा उचलून बेंबीच्या वर-खाली बोटं ठेवा. मध्ये दोनपेक्षा जास्त बोटं आत जात असतील तर उठाबशा न काढता फिजिओथेरपिस्टला दाखवा.

एक गोष्ट मालिशवाल्या मावशीला पहिल्याच दिवशी सांगून ठेवा. एकाच पायाची पोटरी सुजली, लाल-गरम झाली, दाबल्यावर दुखली तर ती चोळायची नाही. शिरेत रक्ताची गुठळी असू शकते आणि चोळल्यानं ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. तसंच तासाभरात पूर्ण पॅड भिजणं, दुर्गंधी येणारा स्राव, ताप, फिट, यांना घरगुती उपाय नाही.

आणि मन. चार-आठ दिवस रडू येणं स्वाभाविक आहे. दोन आठवडे उलटूनही झोप नाही, बाळाकडं बघवत नाही, मरणाचे विचार येतात, तर त्याला ‘नजर लागली’, ‘बाहेरचं झालं’ म्हणून अंगारा लावत बसू नका. टेली-मानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. ती भ्रमिष्टासारखं बोलू लागली किंवा स्वतःला, बाळाला काही करेल असं वाटलं तर एकटं सोडू नका, त्याच दिवशी रुग्णालयात न्या.

बाळाची मालिश, पायरी पायरीनं

मावशी पाटावर पाय लांब करून बसतात, बाळ नडग्यांवर, अंगठ्यांकडं डोकं. ही बैठक उत्तम. बाळाच्या शरीराला दोन्ही बाजूंनी आधार मिळतो. बिघडतं ते पुढं, हाताचा जोर वाढतो तिथं.

नाळ गळून बेंबी कोरडी होईपर्यंत थांबा. वजन अडीच किलोपेक्षा कमी किंवा बाळ वेळेआधीचं असेल तर डॉक्टरांना विचारून. पाजल्यावर पाऊण तास जाऊ द्या. खोलीत वारं नको. बांगड्या, अंगठी काढा, नखं कापा. तेल खोबऱ्याचं किंवा तिळाचं. करडईचं घरचं घाण्याचं असेल तर तेही चालेल, आपल्या भागात ते चांगलं मिळतं. मोहरीचं तेल कोवळ्या कातडीला झोंबतं. कुठलंही तेल आधी हातावर थोडं लावून दुसऱ्या दिवशी पुरळ नाही ना ते बघा.

पायांपासून सुरू करा: घोट्याकडून मांडीकडं, तळहातानं, लोणी लावल्यासारखं. मग हात. छातीवर मधून बाहेर. पोटावर बेंबीभोवती घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं, त्यानं वायू सरकायला मदत होते. शेवटी पालथं घालून पाठ, मणक्याच्या दोन्ही बाजूंना, मणक्यावर नाही. उजवा हात-डावा पाय जुळवतात, ते बाळ स्वतः सोडेल तितकंच. सांधा ताणायचा नाही. दहा-पंधरा मिनिटं पुरे. बाळ रडायला लागलं की थांबा. ‘रडलं की फुप्फुसं मोकळी होतात’ हे खरं नाही. आंघोळीचं पाणी कोपरानं तपासा.

आता न करायच्या गोष्टी. नाका-कानात, बेंबीत तेल सोडू नका. नाकातलं तेल फुप्फुसात जाऊन न्यूमोनिया होतो. पाय धरून उलटं लटकवू नका, वर फेकू नका, हलवून गदागदा करू नका. बाळाची छाती फुगलेली दिसली तर दूध पिळून काढू नका. आईच्या संप्रेरकांमुळं ते होतं, मुलगा असो की मुलगी, आणि आपोआप जातं. पिळलं की गळू होतो. टाळूवर हलकं तेल लावायला हरकत नाही, दाबून ‘भरायची’ गरज नाही. ती साधारण बारा ते अठरा महिन्यांत भरते. नाक ओढून सरळ होत नाही. डोळ्यांत काजळ नको, त्यात शिसं असू शकतं. सहा महिने फक्त अंगावरचं दूध, म्हणजे घुटी आणि ग्राइपवॉटरही नाही.

डोकं चपटं होऊ नये म्हणून मोहरीची उशी देतात. तान्ह्याला उशीच नको, गुदमरण्याचा धोका असतो. बाळ पाठीवर झोपवा, डोकं आलटून-पालटून दोन्हीकडं वळेल अशी जागा बदला, आणि जागं असताना तुमच्या देखत दिवसातून दोन-चार वेळा पालथं ठेवा. ते सतत एकाच बाजूला मान वळवत असेल तर मान आखडलेली असू शकते. झटका न देता, लवकर सुरू केलेल्या हलक्या ताणाच्या व्यायामानं बहुतेक बाळं बरी होतात. दुपट्यात गुंडाळताना पाय सरळ करून आवळू नका. ते बेडकासारखे वाकलेले, मोकळे राहिले पाहिजेत, नाहीतर खुब्याचा सांधा बिघडतो. पायाळू जन्मलेल्या बाळाच्या, त्यातही मुलीच्या खुब्याची सोनोग्राफी सहाव्या आठवड्याच्या सुमारास करून घ्या. मान धरल्यावर कडेवर पाय फाकवून घ्यायची आपली पद्धत खुब्याला चांगलीच.

संध्याकाळी बाळ तासन्‌तास रडतं, अंग ताठ करतं, तेव्हा ‘जन्मताना मणका दबला’ असं सांगणारे भेटतात. हे रडणं दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात सुरू होतं, सहाव्याला शिगेला पोहोचतं आणि तीन-चार महिन्यांत थांबतं. तोवर जो उपाय चालू असेल त्याचं नाव होतं. मणक्यावरच्या उपचारानं रडं कमी होतं असं सांगणारे अभ्यास लहान आहेत, आणि बऱ्याच ठिकाणी कोणत्या बाळावर उपचार झाला हे आईवडिलांना आधीच ठाऊक होतं. २०१९ साली ऑस्ट्रेलियातल्या कायरोप्रॅक्टिकच्याच मंडळानं दोन वर्षांखालच्या मुलांच्या मणक्याला झटके देऊ नयेत असं अंतरिम धोरण आणलं होतं. त्यापेक्षा बाळाला खांद्यावर उभं धरा, ढेकर काढा, अंगाशी घेऊन फिरा. तुमचाच संयम सुटायला लागला तर बाळ सुरक्षित जागी ठेवून दोन मिनिटं अंगणात जा, कुणाला तरी हाक मारा.

दवाखान्यात झालेल्या बाळंतपणानंतर आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येतात. त्यांच्यासमोर बाळ उघडं करून दाखवा, मालिश कशी करता तेही दाखवा. दूध ओढत नाही, श्वास मिनिटाला साठ किंवा जास्त, बरगड्यांखाली खड्डा पडतो, अंग तापलंय किंवा गार पडलंय, तळहात-तळपाय पिवळे दिसतात, टाळू फुगलीय, झटके येतात, यातलं एक जरी दिसलं तर पुढच्या भेटीची वाट बघू नका. सरकारी दवाखान्यात बाळाला वर्षभर उपचार मोफत आहेत आणि न्यायला १०२ ची गाडीही.